हाताने तपासणाऱ्या ताईंना

ताईंनो,

स्तन हाताने तपासून तुम्ही दिलेली चिठ्ठी घेऊन पासष्टीची एखादी बाई मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, खोलीत येते, तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असतं. रिपोर्टवर त्याचा उल्लेख नसतो, म्हणून हे पत्र.

'पाळी गेली, आता तिथं काय व्हायचंय?' हे तुम्ही घरोघरी ऐकता आणि न चिडता खोडून काढता. वयाबरोबर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तो होणाऱ्या बहुतेकींच्या घराण्यात आधी कुणाला झालेला नसतो. पाळी गेल्यावर स्तनातला दाट भाग सहसा कमी होतो, तिथे चरबी येते, आणि फिल्मवर गाठ ओळखणं सोपं जातं. ज्या वयात बायका तपासणी टाळतात, त्याच वयात ती जास्त उपयोगी पडते.

तुमच्या बोटांचे आभार मात्र सविस्तरच मानायला हवेत. टोकांनी टोचायचं नाही, मधल्या तीन बोटांच्या पेरांचा मऊ भाग टेकवायचा. प्रत्येक जागी लहान गोल फिरवत आधी हलका, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोचणारा दाब. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, उभे पट्टे पाडत, एकही पट्टा न गाळता. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाची वरची-खालची बाजू. घाईत चिमटीत धरून पाहिलं की निरोगी मांसही गाठीसारखं लागतं आणि बाई उगीच घाबरते. उलट, काखेकडचा वरचा भाग सुटला तर नेमकी तीच जागा राहते जिथे सर्वांत जास्त गाठी सापडतात. खांदा आखडलेल्या आजींचा हात ओढून वर न नेता तुम्ही खांद्याखाली उशी देता, हे विशेष.

आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे वाक्य तुम्ही चालवून घेत नाही. सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही. त्वचेला पडलेला खळगा, नव्याने आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, तिथलंच बरं न होणारं पुरळ: गाठ हाताला लागली नाही तरी यांपैकी एक दिसलं की तुम्ही चिठ्ठी लिहिता.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात, पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. यंत्राशिवाय, बरं का.

आमच्या सोयीचंही थोडं. काखेत पावडर, डिओडरंट किंवा मलम लावून यायचं नाही, त्यातले कण फिल्मवर, कधी कर्करोगाची खूण ठरणाऱ्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. जुन्या फिल्म असल्या तर आणायच्या. पेसमेकर असेल किंवा उभं राहवत नसेल तर आधी सांगायचं, खुर्चीवर बसूनही फोटो निघतो. हे तुम्ही आधीच सांगितलेलं असलं की फोटो पुन्हा काढावा लागत नाही. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, दाब काही सेकंदांचाच; तो दुखतो, हेही तुम्ही लपवत नाही.

परत बोलावणं म्हणजे कर्करोग नव्हे, हेही तुम्ही समजावता. बहुतेकींचं सोनोग्राफी किंवा जास्तीच्या फोटोवर भागतं. काहींना सुईची तपासणी लागते आणि सुईने रोग पसरत नाही. कधी कधी आयुष्यभर त्रास दिला नसता अशी गाठही सापडते व नाहक उपचार होतात. ऐंशीच्या पुढच्या, इतर आजारांनी थकलेल्या आजींना तपासणीचा आग्रह न धरता डॉक्टरांशी बोलायला सांगता, ते याचमुळे. रिपोर्ट स्वच्छ आला आणि चार महिन्यांनी गाठ लागली, तर पुढच्या फेरीची वाट पाहायची नाही, हे सांगायलाही तुम्ही विसरत नाही.

राहिली तुमची वही. चिठ्ठी दिली पण बाई गेलीच नाही, इथेच सगळी मेहनत वाया जाते. सोबत कोण येणार, नातवाला कोण सांभाळणार, रिपोर्ट कोण आणणार, एवढ्यावरच अडलेलं असतं. त्या नावापुढे 'पोचली' लिहिलं जाईपर्यंत तुम्ही पुन्हा दार वाजवता. त्या प्रत्येक फेरीबद्दल आभार.

तुमच्या,
मॅमोग्राफी खोलीतल्या आम्ही सगळ्या