बाबा, हा चायना माल तपासून घेतलाय

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचा प्रश्न ताईने जसाच्या तसा कळवला: "एवढं मोठं वाद्य घ्यायचं, तर ते चायनाचं कशाला?" फोनवर याचं उत्तर देणं जमलं नसतं. आणि घरात लाकूड कळणारे तुम्हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी घेतला तो डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं सर्वात मोठं वाद्य. चीनमधून येणाऱ्या डबल बेसांत भिकार वाद्यं ढिगाने असतात, हे मान्य. पण चांगलीही तिथूनच येतात. जिआंगसू प्रांतातलं ह्वांगच्याव तर व्हायोलिनचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. ईस्टमन ही कंपनी १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, पण तिची तंतुवाद्यं बीजिंगच्या कार्यशाळेत घडतात. शिवाय काही पाश्चात्त्य दुकानं चीनमधून बिनपॉलिशचं वाद्य मागवतात, वॉर्निश आणि जुळवणी स्वतः करतात आणि आत युरोपी वाटणाऱ्या नावाचं लेबल डकवतात. त्यामुळे लेबल वाचण्यात मी वेळच घालवला नाही. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन गेले.

आधी एफ-होलची, म्हणजे वरच्या फळीतल्या इंग्रजी f च्या आकाराच्या भोकाची, कड बघायची, कारण फळीचा छेद तिथे उघडा असतो. वरच्या शिरा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड लाकडातून कोरलेली. एकावर एक थर दिसले तर प्लाय, मग विकणारा काहीही सांगो. मग आरसा आत घालून बेसबार बघायचा. जाड तारांच्या बाजूला, वरच्या फळीला आतून लावलेली ही लांब पट्टी असते. ती वेगळी तासून सरसाने चिकटवलेली हवी. मी पाहिलेल्या एका स्वस्त वाद्यात फळी कोरतानाच तेवढा भाग उंच ठेवून दिला होता. काम वाचलं, पण दोन्ही कडांना पटाशीचे ओरखडे तसेच राहिलेले. तुम्ही असतात तर तिथेच काहीतरी बोलला असतात!

बोटं जिथे दाबतात तो फिंगरबोर्ड आबनुसाचा असावा. स्वस्तात साधं लाकूड काळं रंगवून देतात. त्याची खालची बाजू बघितली की सहसा कळतं, कारण तिथे रंग लावायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही. शिवाय तो लांबीत किंचित खोलगट रंधलेला लागतो. तार दोन्ही टोकांना दाबून धरली की मधे बारीक फट दिसली पाहिजे. तिथे उंचवटा असेल तर तार खरखरते. रंधा मारून ते नीट करता येतं, पण आधीच पातळ असलेल्या पट्टीत रंध्याला जागा उरत नाही. मानेचा कोन चुकलेला असेल तर मात्र वाद्य सरळ सोडून द्यावं. मान उखडून परत बसवणं हे मोठं आणि खर्चाचं काम.

गोंद कुठला, हे मी मुद्दाम विचारलं. चांगल्या बेसचे सांधे सरसाने जोडतात, आणि तोही मुद्दाम बेताचा. लाकूड आक्रसलं की आधी सांधा सुटावा, फळी तडकू नये, असा हिशेब. शिवाय दुरुस्तीला वरची फळी पातळ सुरीने उघडता येते. कारखान्यात पांढरा गोंद फासला असेल तर उघडताना लाकूडच सोलून येतं. इथे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी ठाक होते, म्हणून नीट न वाळवलेल्या लाकडाचं पितळ पहिल्याच थंडीत उघडं पडतं. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आत राहील हे मी बघते.

म्हणून मी हायब्रिड घेतला: वरची फळी स्प्रूसची, कोरलेली, आणि पाठ व बाजू प्लायच्या. प्लाय म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडणार, माहीत आहे. पण आवाजाचं मुख्य काम वरची फळी करते, आणि प्लायची पाठ हवेच्या फरकाने सहसा तडकत नाही. अखंड लाकडाच्या सपाट पाठीला आतून आडव्या पट्ट्या असतात. पाठ रुंदीत आक्रसते, पट्ट्या लांबीत आक्रसत नाहीत, आणि त्या ओढाताणीत कुठेतरी भेग जाते. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आकार थ्री-क्वार्टर. नाव तसं असलं तरी मोठी माणसं सर्रास हाच वाजवतात. तारेची वाजणारी लांबी साधारण १०५ सेंटिमीटर, आणि सर्वात खालच्या ई तारेची कंपनं सेकंदाला जेमतेम ४१.

आला तेव्हा तो वाजवण्याजोगा नव्हता. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचे पाय फळीवर नीट टेकत नव्हते, वरच्या फळीला आतून आधार देणारी साउंडपोस्टची काठी आखूड होती आणि तारा इतक्या उंच की बोटं सोलवटून निघाली असती. इथल्या कारागिराने काठी नवी बसवली, घोडीचे पाय तासले, फिंगरबोर्डवर रंधा फिरवला. चारही तारांचा मिळून ताण शंभर किलोंच्या वर जातो, तेव्हा काठी एका जागी नेमकी हवी. त्यानंतर आवाज असा खुलला की आधीचं वाद्य ते हेच का, असं वाटावं. माझं मत विचाराल तर बेस थोडा स्वस्तातला घ्यावा, पण जुळवणीत हात आखडू नये.

खोटही सांगते. विकायला काढला तर चिनी म्हणून भाव पडणार. वरच्या ए जवळ एक वुल्फ आहे, म्हणजे तिथे फळी तारेशी भांडते आणि सूर घुरघुरतो. घोडीच्या खाली त्याच तारेवर छोटं वजन लावल्यावर बराच दबला आहे, गेलेला नाही. तो महागड्या जुन्या वाद्यांतही असतो, म्हणून मी मनावर घेत नाही. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवून वाजवले तर ते सख्खे भाऊ वाटतीलच असं नाही, म्हणून न वाजवता कधी मागवू नये.

ताईच्या फोनवर फोटो पाठवते आहे. फिंगरबोर्डची खालची बाजू मोठी करून बघा आणि ते आबनूसच आहे ना, कळवा. कारागीर हो म्हणाला आहे, पण तुमचा शेरा हवा.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी