सेवाग्रामचं तिकीट बदललंय, रागावू नका

नागपूर, २७ मे

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

आधी तिकिटाचं सांगते. तुमचं २ जूनचं सेवाग्राम एक्सप्रेसचं परतीचं तिकीट मी रद्द केलं आणि २० जूनचं काढलं, दोन्ही लोअर बर्थ. दादाला माहीत आहे, त्याच्यावर ओरडू नका. इथे नवतपा सुरू झालाय, दुपारी नळाच्या पाण्यात हात धरवत नाही. नाशकात बरं आहे ना, मग राहा. पण एवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं.

दुसरं असं की माझ्या डाव्या मनगटाजवळचं हाड मोडलंय. प्लॅस्टर आहे. आई, आधी खाली बस, पाणी पी. बोटं हलतात, सूज उतरली, सहा आठवड्यांत प्लॅस्टर निघेल म्हणाले डॉक्टर. दहा दिवस झाले. व्हिडिओ कॉलवर मी तो हात कॅमेऱ्याबाहेर ठेवत होते. परवा तू विचारलंस, "अशी तिरपी काऊन बसलीस गं?" आणि मी कूलरचा वारा लागतो अशी थाप मारली. रात्रभर ते टोचत राहिलं.

गाडीवरून नाही पडले. चाकावरून पडले. एकच चाक. त्याला सीट नाही, हँडल नाही, पेडलसुद्धा नाही. मधोमध एक्सल, म्हणजे चाकाचा आस, आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन पट्ट्या. इंग्रजीत इम्पॉसिबल व्हील म्हणतात, आणि पट्ट्या एक्सलच्या खाली लटकत असतील तर बीसी व्हील. आई, तुमच्या मैत्रिणींची दर महिन्याची बीसी नाही ही! जॉनी हार्टची 'बी.सी.' नावाची चित्रपट्टी १९५८ साली वर्तमानपत्रात सुरू झाली, त्यातली आदिमानव मंडळी दगडी चाकाच्या एक्सलवर उभी राहून हिंडायची, त्यावरून ते नाव.

आता चाक कुठलं, तेही सांगून टाकते. माळ्यावरच्या माझ्या लाल सायकलचं. बाबा, तुम्ही ती दादाच्या परीसाठी ठेवली होती, मला ठाऊक होतं, तरी न विचारता उतरवली. फ्रेम कापली नाही, शप्पथ. पुढची रिम आणि टायर तेवढं घेतलं, बाकी सगळं आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून परत वर ठेवलं. आणि परी आता अकरा वर्षांची आहे, त्या सायकलवर तिचे गुडघे हँडलला लागतील. तरी विचारायला हवं होतं.

चाकाच्या मधला जुना हब चालला नसता. त्याचा एक्सल करंगळीपेक्षा बारीक, आणि इथे माझे ६१ किलो एक्सलच्या दोन टोकांवर. हिंगण्याच्या लेथवाल्या काकांकडून नवा करून घेतला, १५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि आत ६२०२ नंबरची दोन बेअरिंगं. ते म्हणाले, "काऊन पोरी, सर्कशीत जाऊन राहिली का?" पण तुमचं नाव काढून पैसे कमी घेतले. आरे मी स्वतः भरले, छत्तीसच्या छत्तीस. तुमच्या स्टँडवर चाक लावून त्याचा आऊट, म्हणजे डगमग, काढला, आणि तुमच्यासारखाच एकेक आरा नखाने वाजवून पाहिला. उजवीकडचे सगळे एका सुरात वाजतात. डावीकडचे दोन अजून भद्द आहेत. पट्ट्या एक्सलपासून १० सेंटिमीटर खाली आहेत, म्हणजे पाय जमिनीपासून साधारण १६ सेंटिमीटरवर. एवढ्यावरून पडून हाड मोडतं का, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं.

पेडल नाही तर चालतं कसं? उतारावर. म्हणून पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्स, बाकी आपलं नागपूर तव्यासारखं सपाट. साध्या एकचाकी सायकलवर पुढे कललात तर पेडल मारून चाक पायाखाली आणता येतं. इथे चाक मोकळं, ते तुमचं ऐकत नाही. टाच आणि चवडा, पसरलेले हात, यांच्यावरच सगळं. आडवा तोल मात्र सायकलसारखाच, ज्या बाजूला कलंडतो तिकडेच चाक वळवायचं, फक्त हँडलऐवजी कंबर. पंधरा दिवस मी नुसती आपल्या आवारभिंतीला धरून उभी राहत होते. पोटऱ्या टायरला घासून लाल व्हायच्या. मग एकदा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेले. बाबा, तेवढ्या वेळात फक्त टायरचा आवाज येतो, दुसरं काही डोक्यात येतच नाही.

पडले ती चूक माझीच. दोन्ही पट्ट्या शाफ्टला अगदी एकजीव बसायला हव्यात. उजवीकडे नट घट्ट धरणारा चेकनट लावला नव्हता. दुकानात एकच मिळाला, म्हटलं दुसरा उद्या आणू. उतारावर नट सैल झाला, पट्टी फिरली आणि मी हात टेकला. फिटरच्या पोरीने चेकनट विसरावा! लहानपणी तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी नंदीचं चाक निखळून गटारात गेलं होतं, आठवतं? घरोघरी बोजाऱ्याचे पैसे न मागताच मी रडत परत आले. तुम्ही रात्री ओसरीत बसून नवं चाक बसवलं, पिन ठोकली आणि म्हणालात, "चाक नाही पळत बेटा, नट पळतो." दुसऱ्या दिवशी पोळा संपलेला, तरी मी एकटीच नंदी ओढत घरोघरी गेले. आणि आई मागून आली, भाजीची पिशवी घेऊन, जणू बाजारालाच निघाली होती.

चाक सोडणार नाही मी. प्लॅस्टर निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तरच, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालून, आणि रहदारीच्या रस्त्यावर कधीच नाही. सगळा खर्च ३,४०० रुपये. लोक एवढ्याचा मोबाइलचा कव्हर-चार्जर घेतात. वर्षभर शाळेत उभी राहते नि घरी वह्या तपासत बसते, सुट्टीत एक गोष्ट माझी असू दे. आणि आई, लग्नाचं मध्ये आणू नकोस. ते चाकामुळे अडलेलं नाही, आधीपासूनच अडलंय.

घरचं सगळं ठीक. कूलरची खस नवी भरून घेतली, माठ बदलला, तुळशीवर जाळी टाकली. शेजारच्या काकू डबा देतात, काल पाटोडीची भाजी होती, तिखट पण छान. केस त्यांची सून विंचरून देते.

आता तुमचं. बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्याआधीच, 'घेतो नंतर' चालणार नाही. आमरस एक वाटी, दुसरी नाही, मी परीला पहारा ठेवायला सांगितलंय. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला. दादाकडे जिने चढउतर करू नकोस, लिफ्ट आहे. आणि रोज फोन करून हात दाखव म्हणू नका, मीच दाखवेन.

आल्यावर ते डावीकडचे दोन आरे बघाल ना? मी हात लावला नाही. आऱ्यांची चावी तुमच्या पत्र्याच्या डब्यात, होती तिथेच आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, लोणच्याच्या बरणीवर तेल कमी दिसतंय. एका हाताने बरणी तिरपी करवत नाही. काकूंना घालायला सांगू का, की तू आल्यावरच? फोडणी गार करूनच घालायची, हे लक्षात आहे.