सवलतीचा हप्ता भरतीशी बांधा

महोदय,
सरकार-उद्योग भागीदारीच्या बातम्यांत गुंतवणुकीचा आकडा ठळक छापून येतो; नोकऱ्या मात्र ‘अपेक्षित’ असतात. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. २००७-०८मध्ये केंद्राने १,३९६ सरकारी आयटीआय अशाच भागीदारीत सुधारण्याची योजना आणली. प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज, व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योगाकडे. कल्पना चांगलीच होती. पण नुसते नवे यंत्र येऊन भागत नाही. मुलाला त्यावर स्वतः जॉब (घडवायचा भाग) लावायला, मायक्रोमीटरने माप घ्यायला, चुकायला तास मिळावे लागतात आणि पुढे कारखान्यात जागा. म्हणून सरकार उद्योगाला देते त्या सवलतीचा प्रत्येक हप्ता प्रत्यक्ष भरतीशी बांधा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांवरून ती तपासता येते. कायम आणि कंत्राटी कामगार वेगळे दाखवा, आणि ते आकडे दरवर्षी जाहीर करा.

— एक निवृत्त शिल्प निदेशक