मेळघाट फेरी : सॅटेलाइट फोनबाबत सूचना

सभासदांनो, सेमाडोह-हरिसालच्या पुढे कित्येक टापूंत मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे गटासोबत बीएसएनएलचा परवानाधारक इनमारसॅट (उपग्रहावरून चालणारा) फोन राहील. कुणाच्या नातेवाइकाने परदेशातून आणलेला थुराया किंवा इरिडियम कंपनीचा सॅटेलाइट फोन कृपया सोबत घेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे, सेट जप्त होतो, अटकही होऊ शकते. परवान्याची प्रत फोनच्याच पाऊचमध्ये ठेवा.

हा फोन सागाच्या दाट पानांखाली, गाडीत किंवा दरीत लागत नाही. उपग्रह विषुववृत्तावर असल्याने आपल्याला दक्षिणेकडचे आकाश मोकळे लागते. माळावर किंवा नदीच्या पात्रालगत या, अँटेना उघडा, जीपीएसची जागा पक्की होईपर्यंत काही मिनिटे थांबा, मगच नंबर लावा. आवाज उशिरा पोचतो, म्हणून एकाने बोलणे संपवल्यावरच दुसऱ्याने बोलावे. फोन अँटेना मिटून बॅगेत असेल तर आलेला कॉल कळेलच असे नाही. म्हणूनच कॉलची सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ पाळायची.

१०८, ११२ यांच्या भरवशावर राहू नका. धारणीचे उपजिल्हा रुग्णालय, जवळचे वनपरिक्षेत्र कार्यालय यांचे पूर्ण नंबर कागदावर लिहा आणि निघण्याआधी परतवाड्यातूनच एक कॉल लावून पाहा.

ठिकाण सांगताना सर्वाधिक चुका होतात. अक्षांश २१.५ अंश म्हणजे २१ अंश ३० मिनिटे. ऐकणाऱ्याने २१ अंश ५ मिनिटे लिहिले तर शोधपथक सुमारे ४६ किलोमीटर भलतीकडे जाईल! आकडे सुटे वाचा, समोरच्याकडून परत वाचून घ्या.