तक्रार वहीत उतरली पाहिजे

नगरसेवकांनी दर आठवड्याला वॉर्डात येऊन लोकांना भेटावं, हा तुमच्या अंकातला लेख वाचला आणि पटला, पण नुसतं भेटून भागत नाही हो. आमच्या नगरसेविका ताई येतात तेव्हा सोबत जाड वही असते, पाणी कमी दाबाने येतं म्हटलं की तारीख घालून लिहून घेतात, आणि पुढच्या वेळी तेच पान उघडून काय झालं ते सांगतात, काम अडलं असेल तर तेही. शेजारच्या आजींचा निराधार योजनेचा फॉर्म त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून भरला. १९९३ ला लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीत ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्यात, तिथंही अशी वही सगळ्यांसमोर उघडा.

– एक वाचक