ठळक अक्षराला मोकळी जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या पत्रिका, अहवाल आणि फलक छापून घेण्याची घाई सुरू होते, आणि गेली काही वर्षे या छपाईत ‘मोदक’ हा देवनागरी फॉन्ट वारंवार दिसू लागला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला आणि कोणालाही विनामूल्य वापरता येणारा हा फॉन्ट मला मनापासून आवडतो. तो नको तिथे वापरलेला पाहून जी तळमळ होते, तिच्यापोटी हे पत्र लिहीत आहे.

‘मोदक’ची अक्षरे हाताने रेखाटत, जोडीने संगणकावर उतरवत घडवलेली आहेत. ती इतकी गुबगुबीत आहेत की अक्षरातील पोकळ्या मिटत येऊन केसाएवढी पांढरी रेघ तेवढी उरते, आणि हा ‘ब’ की ‘व’, ‘घ’ की ‘ध’, हे डोळ्याला त्या रेघेवरूनच कळते. देवनागरीत हे साधणे फार अवघड, कारण अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार व अनुस्वार, पायाशी उकार, आणि ‘ष्ट्र’सारखे जोडाक्षर आले की एका अक्षराच्या जागेत तीन व्यंजने बसवावी लागतात. एवढे ओझे पेलूनही या फॉन्टची वळणे गोल आणि प्रसन्न राहिली आहेत. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षके वृत्तपत्रांतील जाहिरातींत पाहत वाढलेल्या माझ्या पिढीला त्यात हाताच्या अक्षराचा जिवंतपणा जाणवतो.

मात्र ती पांढरी रेघ बुजली की सगळेच बिघडते. गेल्या वर्षी माझ्या छापखान्यात एका मंडळाची तयार पत्रिका आली. कार्यक्रम, वेळा, पत्ता असा सारा मजकूर बारीक आकारातल्या ‘मोदक’मध्ये होता, शिवाय प्रत्येक अक्षराला लाल किनार दिलेली होती. छापून पाहिले तर महाप्रसादाची वेळही वाचता येईना. जागा भरण्यासाठी हा फॉन्ट आडवा ताणतात, तेव्हाही त्याचा डौल असाच जातो.

मंडळाचे नाव, दुकानाची पाटी, मुलांच्या पुस्तकाचे शीर्षक असे दोन-तीन शब्द मोठ्या आकारात लिहायचे असतील, तर ‘मोदक’सारखा फॉन्ट शोधून सापडणार नाही. उरलेल्या मजकुरासाठी त्याच संस्थेचा ‘मुक्ता’ हा सुवाच्य आणि विनामूल्य फॉन्ट आहे. पाट्या रंगवणारे आमचे जुने पेंटर दुकानाचे नाव जाड कुंचल्याने आणि पत्ता बारीक कुंचल्याने लिहीत, ते याच जाणिवेने.

आपल्या दैनिकाच्या गणेशोत्सव पुरवणीतही अशा जाहिराती असतात. वृत्तपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरतेच, त्यामुळे बारीक ‘मोदक’ तिथे अधिकच बुजतो. आपल्या जाहिरात विभागाने मंडळांकडून जाहिरात स्वीकारतानाच वेळ आणि पत्ता साध्या फॉन्टमध्ये मागून घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक मुद्रण व्यावसायिक, सातारा