मोजा विणलेला की सुईने ओवलेला?

लंडन

ती. सौ. काकूंस,
सा. न. वि. वि.

मोज्याचे छायाचित्र पाहून 'हे तर दोन सुयांवरचे सुलट विणकाम' असे तुम्ही कळवलेत. वरून पाहता ते तसेच दिसते आणि अभ्यासकही अशा वस्तूंना दीर्घकाळ विणकामच समजत होते. इजिप्तमधील ऑक्सिरिंकसच्या दफनभूमीत सापडलेला, इ. स. २५० ते ४२० या काळातला हा लाल लोकरी मोजा येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्याचा पुढचा भाग दुभागलेला आहे. कोल्हापुरी वापरणाऱ्यांना ही सोय वेगळी समजावून सांगायला नको.

तो केला आहे मात्र नेढे असलेल्या एकाच सुईने. या पद्धतीला नालबाइंडिंग म्हणतात. तुम्ही गुंड्यातून येणाऱ्या अखंड लोकरीचा फास आधीच्या फासातून काढता. येथे बेताच्या लांबीचा धागा प्रत्येक टाक्यातून पूर्ण ओढून घेतात आणि तो संपला की पुढचा जोडतात. गंमत अशी, की दोन सुयांवर प्रत्येक टाका मागच्या बाजूने उचलला तरी फासाचे दोन्ही पाय एकमेकांवर येऊन हुबेहूब हीच वीण तयार होते, त्यामुळे लहानशा तुकड्याच्या निव्वळ सुलट बाजूवरून निर्णय देणे मला धाडसाचे वाटते. धाग्यांचे जोड, टाके वाढवल्या-घटवल्याच्या जागा आणि विशेषतः चुका तपासाव्या लागतात: विणकामात सुटलेला टाका खालपर्यंत उसवत जातो, नालबाइंडिंगमध्ये तो जागीच राहतो. वस्त्रांच्या अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी १९७२ साली अशा इजिप्ती वस्तूंची पद्धत उलगडून दाखवली. सिरियातील ड्युरा-युरोपोसचे तुकडेही पूर्वी विणकाम म्हणूनच प्रसिद्ध झाले होते.

वस्तू मूळची कुठली, हा प्रश्न याहून बिकट आहे, कारण सापडण्याचे ठिकाण म्हणजे घडण्याचे ठिकाण नव्हे. आपल्या टाऊन हॉल संग्रहालयातील, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची मूर्ती कोल्हापुरात घडली असे कोणी म्हणत नाही. तसेच कैरोजवळच्या फुस्तात येथे मिळालेली ठशांनी छापलेली सुती कापडे गुजरातची आहेत. सुताचा पीळ येथे थोडीफार मदत करतो: प्राचीन इजिप्तमध्ये तो बहुधा 'एस' अक्षराच्या मधल्या रेषेप्रमाणे झुकतो, भारतीय सुती धाग्यात 'झेड'प्रमाणे. परंतु सूतही व्यापारात फिरत असल्याने एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आजींच्या पेटीतला बटवा कोणत्या पद्धतीचा ते ठरवण्यासाठी त्याची उलट बाजू आणि तळाचा आरंभ स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाठवावे. टोक ओढून पाहू नये. तो क्रोशाचा असला, तर भराभर उसवेल.

काकांना नमस्कार.

आपला पुतण्या